आधी काम, मग कायदा

तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही शिकवण आपल्या घराघरांतून मुलांस दिली जाते. आणि एका मर्यादेपर्यंत ती योग्यही आहे. परंतु ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या अंगणात बहुधा भरलेली विहीर असली पाहिजे. ज्याच्यापाशी ती नाही, त्याने तहान लागल्यावर तरी खणावी की नाही? आणि खणावयाचीच, तर नकाशा, अंदाजपत्रक व तज्ज्ञांचा अभिप्राय हाती येईपर्यंत त्याने कुदळ खांद्यावरच ठेवावी काय? असले प्रश्न नीतिवचनांनी सोडविण्यापेक्षा उदाहरणांनी सोडविणे इतिहासाच्या अध्यापकास अधिक रुचते. सुदैवाने त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. एखादी नवी कार्यपद्धती अपुरी असतानाच अमलात आणावी, चालता चालता तिचे दोष पाहावे आणि अनुभव पुरेसा जमल्यावर तिला कायद्याचे रूप द्यावे, असा एक मोठा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात घडून गेला आहे. तो म्हणजे रोजगार हमी योजना. तिचा एक धागा आमच्या यवतमाळ जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतो.

माझे बालपण दारव्ह्यास गेले. वडील शाळामास्तर होते. १९८० च्या सुमारास एका रविवारी ते मला शकुंतलेच्या रुळांपलीकडे, गावापासून कोसभर अंतरावर, नालाबांधाचे काम पाहावयास घेऊन गेले. दीडदोनशे माणसे कामावर होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक बाया होत्या. पुरुष खणीत होते, बाया घमेली वाहत होत्या. बाभळीच्या फांदीला लुगड्याच्या दोन झोळ्या टांगलेल्या होत्या आणि एक म्हातारी त्या झोळ्यांवर व सभोवार खेळणाऱ्या पाचसहा पोरांवर देखरेख करीत बसली होती. मला वाटले, ती कोणाची तरी आजी असावी. वडिलांनी सांगितले की नाही, तिचे नावही हजेरीपटावर आहे. मुले सांभाळणे हेच तिचे काम आणि त्याचीच तिला मजुरी. मग ते म्हणाले, “ह्या लोकांना सरकारने काम दिलेले नाही, बरे का. ह्यांनी ते मागून घेतले आहे.” ह्या दोन वाक्यांतील भेद त्या वयात मला कळला नाही. तो कळावयास पुढे इतिहासाची बरीच पाने उलटावी लागली.

त्यांतील पहिले पान वऱ्हाडच्याच इतिहासातले आहे. १८९९-१९०० चा दुष्काळ ह्या प्रांताच्या लोकस्मृतीत फार काळ राहिला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या वेळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्यास १९०५ साली मिळाले आणि पुसद तालुकाही त्यास त्याच वेळी जोडला गेला. काळी जमीन, भरवशाचा पाऊस आणि मुंबईच्या बाजारात मान मिळविलेला कापूस ह्यांमुळे वऱ्हाड हा दुष्काळाच्या आवाक्याबाहेरचा प्रांत आहे, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. ती समजूत किती महाग पडली, हे शिरगणतीच्या आकड्यांवरून दिसते. १८९१ साली सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ साली साडेसत्तावीस लाखांवर आली. ज्या दशकात ती वाढावयास हवी होती, त्याच दशकात ती घटली.

विशेष हे की, तोपर्यंत सरकारपाशी दुष्काळाचा तयार ग्रंथ होता. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रेची ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १८८० साली आपले प्रतिवृत्त सादर केले आणि त्याच्या आधारे पुढे प्रांतोप्रांतीच्या दुष्काळसंहिता सिद्ध झाल्या. कामाचे प्रकार कोणते, दिवसाचे काम किती, मजुरी कशी ठरवावी, अशक्तांस फुकट अन्न केव्हा द्यावे, सारे काही त्यांत कलमवार लिहिलेले होते. ह्या संहितांना सरसकट नावे ठेवण्याची जी प्रथा आहे, ती मला मान्य नाही. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल ह्यांनी मजुराचा रोज एक पौंड धान्य व वर एक आणा इतका खाली आणला, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. त्या अंदाधुंदीपेक्षा लिहिलेला नियम केव्हाही बरा. शिवाय प्रत्येक मोठ्या दुष्काळानंतर नवा आयोग बसे आणि संहितेत दुरुस्त्या होत. म्हणजे तीही अनुभवाने शिकत होती.

दोष होता तो निराळाच. एवढ्या तपशिलाने लिहिलेल्या ह्या यंत्राची किल्ली मजुराच्या हाती नव्हती. दुष्काळ पडला आहे किंवा नाही, हे अधिकाऱ्याने ठरवावयाचे, आणि त्याने जाहीर करीपर्यंत सारी कलमे पुस्तकातच राहावयाची. स्वातंत्र्यानंतरही ही रीत पुष्कळ अंशी कायम राहिली. आणेवारी लागावी, टंचाई जाहीर व्हावी, मग कामे निघावीत. पेरणी आणि कापणी ह्यांच्यामधले जे रिकामे महिने दरसाल येतात, ज्या महिन्यांत कोठेही दुष्काळ नसतो आणि तरीही भूमिहीनाच्या घरी चूल पेटत नाही, त्या महिन्यांसाठी ह्या ग्रंथात एकही कलम नव्हते.

ह्याच्या अगदी उलट प्रयोग युरोपात एकदा झाला होता. १८४८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये राज्यक्रांती होताच हंगामी सरकारने प्रत्येक नागरिकास काम देण्याचे अभिवचन जाहीर केले आणि ताबडतोब राष्ट्रीय कार्यशाळा उघडल्या. जूनपर्यंत त्यांच्या पटावर लाखाहून अधिक माणसे चढली. परंतु करावयाची कामेच ठरलेली नव्हती. पुष्कळांस रिकामे बसवून पैसे द्यावे लागले, खजिना आटला, मध्यमवर्ग चिडला आणि जूनमध्ये कार्यशाळा बंद करण्याचा हुकूम निघाला. त्यानंतरच्या चार दिवसांत पॅरिसच्या रस्त्यांवर जो रक्तपात झाला, तो प्रसिद्धच आहे. येथे हक्क आधी उच्चारला गेला आणि काम मागाहून शोधावे लागले. अपुरी तयारी हा जर नेहमीच गुण असता, तर पॅरिसच्या कामगारांवर ती पाळी आली नसती. म्हणून, अपुरे असतानाच आरंभ करावा असे कोणी मला सांगितले की मी विचारतो, किती मोठा आरंभ, आणि चुकल्यास कोणाच्या पदरचे जाणार?

आता तासगावकडे वळू. वि. स. पागे हे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. गांधीवादी वळणाचा, संतवाङ्मयात रमणारा हा गृहस्थ सांगली जिल्ह्यातील तासगाव भागाशी निगडित होता. खेड्यातील ज्या धडधाकट माणसास काम हवे आहे, त्यास ते मिळालेच पाहिजे आणि तेही त्याच्या गावाच्या आसपास मिळाले पाहिजे, ही कल्पना त्यांनी शासनापुढे मांडली. अशी कल्पना सचिवालयात गेली म्हणजे तिचे काय होते, हे सांगणे नको. किती मजूर येतील? खर्च किती? पेरणीच्या वेळी शेतकऱ्यास माणूस मिळेल काय? ह्या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळण्याजोगी नव्हतीच. ती मिळविण्याचा एकच मार्ग होता आणि तोच पत्करला गेला. १९६५ साली तासगाव तालुक्यातील मोजक्या गावांत योजना प्रत्यक्ष चालू करून पाहण्यात आली. त्यातून कळले ते असे की, सारा गाव काही कामावर लोटत नाही. अंगमेहनतीचे काम, मापाप्रमाणे मजुरी आणि उन्हातान्हाचे दिवस, अशा ठिकाणी खरी गरज असलेला माणूसच येतो आणि शेतीचा हंगाम आला की तो आपण होऊन परत जातो. जी चाळणी लावण्यासाठी जुन्या अधिकाऱ्यांनी नाना कसोट्या योजिल्या होत्या, ती कामाच्या स्वरूपातच होती.

ह्या वेळी मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. पुसद तालुक्यातील गहुली ह्या बंजारा वस्तीत १९१३ साली जन्मलेला, नागपुरास वकिलीची परीक्षा देऊन पुसदला वकिली केलेला आणि तेथील नगराध्यक्षपदापासून सार्वजनिक कार्यास आरंभ केलेला हा माणूस १९६३ च्या डिसेंबरपासून १९७५ च्या फेब्रुवारीपर्यंत राज्याचा कारभार पाहत होता. त्यांच्या स्वभावात शेतकऱ्याचा एक विशेष होता. पाऊस सर्वत्र सारखा पडेपर्यंत वाट पाहत बसल्यास तिफण कधीच चालत नाही, हे त्यांस ठाऊक होते. संकरित ज्वारीच्या बाबतीत त्यांनी हेच केले. सी.एस.एच.-१ हे पहिले संकरित वाण १९६४ साली निघाले आणि त्याचा त्यांनी हिरिरीने प्रसार केला. त्या वाणावर खोडमाशी पडे, कणसे भरण्याच्या वेळी पाऊस आल्यास दाणा काळा पडे, आणि भाकरीस चव नाही म्हणून घरोघरी बायका कुरकुरत. ‘हायब्रीड’ हा शब्द आपल्या भाषेत नाजूक पोरांस हिणविण्यासाठी रूढ झाला, तो ह्याच काळात. पण उत्पन्न वाढले. आणि अधिक चांगली वाणे पुढे आली, ती पहिल्याचे दोष शेतात दिसल्यानंतर.

१९७२ साली रोजगार हमी योजना राज्यभर लागू करण्याचे ठरले. आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. १९७२-७३ चा दुष्काळ मुख्यत्वे पश्चिम महाराष्ट्रावर व मराठवाड्यावर कोसळला. नवी योजना तात्पुरती बाजूस ठेवून जुन्या पद्धतीने टंचाईची कामे काढावी लागली. १९७३ च्या मे महिन्यात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. खडी फोडणारी आणि पाझर तलाव खणणारी ती माणसे, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि स्वस्त धान्याच्या दुकानातील ती परदेशी लाल मिलो, ह्यांच्या आठवणी कित्येक घरांत अद्याप सांगितल्या जातात. यंत्रणा पुरी नव्हती, खडीचे ढीग निरुपयोगी पडून राहिले, पगार लांबले, मोर्चे निघाले. तथापि एवढ्या मोठ्या अवर्षणात १८९९ ची पुनरावृत्ती झाली नाही. माझ्या मते ह्या दुष्काळाने आणखी एक गोष्ट केली. लाखो स्त्रीपुरुषांस एकत्र येऊन काम मागण्याची सवय लागली. आणि एकदा लागलेली ही सवय पाऊस पडल्यावर सुटत नाही.

१९७४ साली योजना पुन्हा सुरू झाली. पैशाचा प्रश्न होताच. तो सोडविण्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला आणि त्या कराच्या उत्पन्नाइतकीच रक्कम शासनाने आपल्याकडून घालावी असे ठरले. शहरातील नोकरदाराने खेड्यातील मजुराच्या कामाचा भार उचलावा, ही ह्या करामागील मूळ कल्पना. आम्हा प्राध्यापकांच्या वेतनपत्रकात आजही दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये अशी ती कपात दिसते. स्टाफरूममध्ये तिच्याविषयी कुरकुर ऐकू येते. तिचा जन्म कशासाठी झाला हे विचारल्यास मात्र दहांपैकी एखाद्यासच सांगता येते.

मग १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमी अधिनियम एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. १९६५ ते १९७९, म्हणजे कायद्याच्या आधी चौदा वर्षे काम! ह्या अधिनियमाची कलमे वाचताना कोणती अडचण पाहून कोणते कलम लिहिले गेले, ह्याचा सुगावा लागतो. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले पाहिजे. न मिळाल्यास बेकारभत्ता. काम उत्पादक असावे, खडीचे नुसते ढीग नकोत. खर्चाचा निदान साठ टक्के भाग मजुरीत जावा, म्हणजे ठेकेदाराच्या यंत्रांस वाव राहू नये. काम मोजून त्याप्रमाणे मजुरी द्यावी आणि तीत स्त्रीपुरुष असा भेद नसावा. कामावर पाणी, सावली, औषधोपचार आणि लहान मुलांची सोय असावी. बाभळीखालची ती म्हातारी ह्या शेवटच्या नियमामुळे तेथे बसली होती.

येथवरची कथा वाचून कोणास वाटेल की मी ह्या योजनेचे स्तोत्र गात आहे. तसे नाही. दारव्ह्याच्या त्या कामावर खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता ठेवीत, कारण त्याच्या उंचीवरून किती माती निघाली हे मोजता येई. हा खुंट रात्रीतून कोणी उंच करी, कोणी ढासळून टाकी. आणि माप घेणारा आठवडा आठवडा फिरकला नाही तर टोळीचा सारा हिशेब संशयात पडे. पगाराच्या दिवशी सकाळपासून बसलेल्या बाया दिवेलागणीस रिकाम्या हाती परतताना मी पाहिल्या आहेत. हजेरीपटावर कामावर नसलेल्यांची, कधी हयात नसलेल्यांचीही नावे चढत. बेकारभत्ता दिवसाला निदान एक रुपया असा कायद्यात होता, पण तो प्रत्यक्ष हातात पडलेला मजूर क्वचितच भेटे. पन्नास मजूर जमल्याखेरीज नवे काम न काढण्याच्या नियमामुळे झरी, मारेगाव, केळापूरकडील विरळ कोलाम पोडांवर हमीचा अर्थ फारसा पोहोचलाच नाही.

हे दोष आरंभीचे आणि म्हणून क्षम्य, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु अपुऱ्या पद्धतीचा खर्च योजना आखणाऱ्याच्या खिशातून जात नाही. तो त्या बाईच्या एका आठवड्याच्या मिठामिरचीतून जातो. हा प्रयोग पॅरिसच्या वाटेने गेला नाही, ह्याचे एक कारण तासगावी आरंभ लहान होता हे. आणि दुसरे, मला अधिक महत्त्वाचे वाटणारे, म्हणजे ज्यांस चटका बसत होता त्यांस ओरडण्याची सोय होती. शेतमजुरांच्या संघटना तहसिलींवर मोर्चे नेत; विधिमंडळाची समिती कामावर जाऊन चौकशी करी. तक्रार करणाऱ्यास अडाणी न मानता परीक्षक मानावे लागले. आपल्या सुशिक्षित संस्थांत हे किती कठीण असते! एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी नवी पद्धत घालण्यास नेमलेली समिती मी पाहिलेली आहे. निर्दोष नियमावली झाल्याखेरीज गाऱ्हाणे घ्यावयाचे नाही, असा तिचा बाणा होता. आणि नियमावलीचा तिसरा मसुदा होईपर्यंत गाऱ्हाणी असलेले विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेले होते.

आमच्या जिल्ह्यास ह्या विषयाची दुसरी बाजूही चांगली ठाऊक आहे. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७१ च्या कायद्याने आली आणि १९७२ साली सुरू झाली. हेतू उदात्त होता. दलालाच्या तावडीतून कापूसवाल्यास सोडवावयाचे होते. परंतु येथे तासगाव नव्हते. सारे राज्य एकदम, आणि दुसरीकडे विकण्याची मुभा शेतकऱ्यास नाही. खरेदी केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा लागत, चुकारे हप्त्याहप्त्यांनी मिळत, भाव शेजारच्या राज्यात वाढले की कापूस रात्री सीमा ओलांडी. पुढे तोटा शेकडो कोटींत गेला आणि नव्या शतकाच्या आरंभी एकाधिकार संपला. ह्या योजनेने काही वर्षे शेतकऱ्यास आधार दिला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. तथापि जी पद्धत सोडून बाहेर पडता येत नाही, तिचे अपुरेपण फार जड जाते.

रोजगार हमीची पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. १९८८ साली किमान वेतनाबरोबर तिचीही मजुरी बरीच वाढली. ती वाढ न्याय्य होती, पण त्यानंतर कामाचे दिवस झपाट्याने घटले, आणि मागेल त्यास काम ही हमी पूर्वीसारखी उरली नाही असे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १९९० साली फळबागांची लागवड ह्या योजनेस जोडण्यात आली. २००५ साली संसदेने ह्याच धर्तीवर देशासाठी कायदा केला. तोही एकदम सर्वत्र लावला नाही. २००६ च्या फेब्रुवारीत प्रथम २०० जिल्हे घेतले, मग १३०, मग २००८ साली बाकीचे. पहिल्या दोनशेंत महाराष्ट्रातील जे बारा जिल्हे होते, त्यांत यवतमाळ होता.

जुन्या योजनेत पुष्कळ ठिकाणी मजुराची मागणी तोंडीच राहत असे. मग पंधरा दिवस मोजावयाचे कोठून आणि भत्ता मागावयाचा कशाच्या आधारे? नव्या कायद्याने मागणीअर्जाची तारीखवार पोच देणे बंधनकारक केले. २००७ साली पांढरकवड्याकडील एका गावी आमच्या विद्यार्थ्यांचे शिबिर होते. संध्याकाळी एक प्रौढ कोलाम गृहस्थ कोरा अर्ज घेऊन आला. ह्यापूर्वी तो दोनदा एका कचेरीत जाऊन आला होता आणि दोन्ही वेळा ‘पुढच्या आठवड्यात या’ एवढेच त्यास सांगण्यात आले होते. माझा एक विद्यार्थी अर्ज लिहावयास बसला. नाव, वय, कुटुंबातील माणसे, कामाचा प्रकार, किती दिवस हवे, असे एकेक रकाने तो विचारू लागला. त्या गृहस्थास काही उत्तरे येत होती, काही येत नव्हती. शेवटी त्याने कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर, पोच फाडावयाच्या जागी, बोट ठेवले आणि म्हणाला, “आधी हितं तारीख टाका, गुरुजी. बाकीचं मग भरा.”